अंड्यांसाठी कोंबडी कोणती घ्यावी? खान्देशात नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

थंडी पडायला लागली की फोन सुरू होतात. "भो, सगळ्यात जास्त अंडी देणारी जात कोणती तेवढं सांग, बाकी आम्ही बघून घेऊ." पण बाकीचंच तर सगळं काम आहे. वर्षाला ३०० अंड्यांची कोंबडी अंगणात सोडून दिली तर ती ३०० देत नाही, आणि ६० अंड्यांची गावरान जाळीत कोंडून विकतचं खाद्य घातलं तर ती तुम्हालाच खाऊन टाकते. त्यामुळं जात शेवटी ठरवायची, आधी तीन गोष्टी ठरवायच्या: अंडी घेणार कोण, कोंबड्या राहणार कशा, आणि आपल्या मे महिन्यात त्या टिकणार का. याच क्रमानं जाऊ.

हे सगळं ५० ते २०० कोंबड्यांपर्यंतच्या माणसासाठी लिहितोय. पाच-दहा हजारांचं शेड टाकायचं असेल तर हिशोबच वेगळा, तो इथं नाही.

१. आधी गिऱ्हाईक, मग कोंबडी

बाजारात अंडी दोन प्रकारची चालतात. एक पांढरी, जी किराणा दुकानात आणि अंडाभुर्जीच्या गाडीवर जातात. दुसरी लाल, जी लोक गावरान म्हणून मागतात आणि जास्त पैसे देऊन घेतात.

पांढऱ्या अंड्याचा भाव तुमच्या हातात नसतो. एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा, रोजचा शेकड्याचा रेट येतो, व्यापारी त्याच्यावर खाली-वर करून बोलतो. आणि आपल्या शेजारीच नवापूर आहे, तिथं मोठमोठी लेअर, म्हणजे फक्त अंड्यांच्या कोंबड्यांची, शेडं आहेत, त्यांचं खाद्य ट्रकनं येतं आणि अंडी टेम्पोनं जातात. १०० पक्षी घेऊन तुम्ही त्यांच्याशी भावात टक्कर द्यायला गेलात तर पहिल्याच उन्हाळ्यात शेड रिकामं होईल.

लाल अंड्याचं तसं नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर, शहादा, कुठंही कॉलनीत चार घरं धरली की आठवड्याला ठरलेली अंडी जातात. एक सांगून ठेवतो, कवचाचा रंग हा फक्त जातीवर असतो, लाल म्हणजे जास्त ताकदीचं असं काही नाही. बलक केशरी दिसतो तो मका, हिरवा पाला आणि मोकळं चरण्यामुळं. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही लागतं, कवच लाल आणि बलक केशरी, म्हणून आपण तशी जात घ्यायची आणि तसं खायला घालायचं. फक्त सुधारित जातीचं अंडं "अस्सल गावरान" म्हणून विकू नका, "घरच्या मोकळ्या कोंबड्यांचं लाल अंडं" म्हणा, तेवढ्यावर पण विकतं आणि तोंड लपवायची वेळ येत नाही.

मागणीचं गणित पण बघा. श्रावणात धंदा बसतो, नवरात्रात बसतो, मार्गशीर्षात गुरुवारवाली घरं घेत नाहीत. उन्हाळ्यात "गरम पडतं" म्हणून लोक कमी खातात. खरी उचल दिवाळीनंतर थंडीत. म्हणजे तुमच्या कोंबड्या थंडी यायच्या आत अंड्यावर आलेल्या पाहिजेत, आणि हे पिल्लं कोणत्या महिन्यात आणली त्यावर ठरतं, ते पुढं येतंच.

२. मोकळ्या ठेवणार की बंद? इथंच खर्च ठरतो

अंडी देणारी सुधारित कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ११० धरा. वर्षाला झालं ४० किलो. आता भाग द्या:

३०० अंडी देणारी: एका अंड्यामागं सुमारे १३५ ग्रॅम खाद्य.
१८० अंडी देणारी: सुमारे २२० ग्रॅम.
गावरान लहान असते, ८० ग्रॅम खाते असं धरलं तरी वर्षाला २९ किलो, आणि अंडी ६०. म्हणजे एका अंड्यामागं जवळपास अर्धा किलो खाद्य.

हा हिशोब कागदावर एकदा स्वतः करून बघा, तुमच्या गावातल्या खाद्याच्या भावानं. गावरान कोंबडी परवडते ती ती फुकट खाते म्हणून, उकिरड्यावर, गोठ्यात, खळ्यात सांडलेली ज्वारी-बाजरी, किडे, वाळवी. तिला विकतचं खाद्य घातलं की ती परवडत नाही, मग अंडं कितीही महाग विका.

याच्या उलट लेअर कोंबडी. तिला निसर्गानं नाही, माणसानं रोज अंडं द्यायला बनवलंय. तिला १६-१८ टक्के प्रोटीनचं आणि भरपूर कॅल्शियमचं खाद्य रोज वेळेवर लागतं. ते नाही मिळालं तर ती आधी अंगातलं काढून देते, मग बसते. तिला अंगणात सोडून "चरून घेईल" म्हणणं म्हणजे शुद्ध नुकसान.

मधला रस्ता आहे अर्धबंदिस्त. रात्री शेडमध्ये, दिवसा जाळी मारलेल्या आवारात किंवा वाडीत, आणि अर्ध्याहून जास्त खाद्य विकतचं. नवीन माणसाला मी हेच सांगतो. फक्त एक बघा, शेजारी कपाशी असेल आणि फवारणी चालू असेल तर त्या दिवसांत कोंबड्या आतच. औषधानं मेलेले किडे खाऊन कोंबडी मरते, आणि मग बांधावरचं भांडण वेगळंच. केळीच्या बागेत सावली मस्त असते, पण तिथं पण फवारणीचं विचारूनच सोडा.

३. आता जाती

खाली अंड्यांचे जे आकडे देतोय ते चांगल्या सांभाळातले वर्षाचे. तुमच्याकडं त्यापेक्षा कमीच येणार, असं धरूनच चाला.

गावरान. ५० ते ७० अंडी. दहा-बारा अंडी घालते आणि खुडूक बसते. २१ दिवस उबवण, मग पिल्लं घेऊन दीड-दोन महिने फिरणार, तोपर्यंत अंडं नाही. अंडी कमी का, तर यामुळं. पण कुत्र्यापासून, मुंगसापासून पळते, घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते, उन्हाला सरावलेली असते. दुसऱ्या जातीची अंडी उबवायला तिच्याइतकी चांगली कोणी नाही, म्हणून कोणतीही जात आणा, दोन-चार गावरान खुडूक बसणाऱ्या हव्यातच. गावात कधीकधी उघड्या मानेची, मानेवर पिसं नसलेली कोंबडी दिसते, ती दिसायला ध्यान असते पण उन्हात बाकीच्यांपेक्षा बरी राहते. मिळाली तर घ्या.

ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं खास अंड्यांसाठी काढलेली. परसात साधारण १६० ते १८०, चांगलं खाद्य दिलं तर २०० च्या वर. अंडं लाल आणि मोठं, अंग फार जड नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येते. सहसा खुडूक बसत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावी अशी हीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

वनराज. हीसुद्धा हैदराबादचीच, पण अंडी आणि मांस दोन्हीसाठी. १०० ते ११० अंडी. पोस्टरवर दोन्ही नावं शेजारी शेजारी असतात आणि लोक दिसायला भरदार म्हणून वनराज उचलतात. नर विकायचे असतील तर उत्तम, लवकर वजन धरतात. फक्त अंड्यांसाठी असेल तर सोडा.

गिरीराज. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. १३० ते १५० अंडी. अंगानं जड. जड कोंबडी म्हणजे खाणार जास्त, पळणार कमी आणि उन्हात आधी पडणार, एवढं लक्षात ठेवा.

आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलँड रेड, आणि ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प. दोन्ही बाहेरच्या पण आपल्याकडं जुन्या, सरकारी अंडी उबवणी केंद्रांवर मिळतात. पूर्ण खाद्यावर २०० च्या आसपास जातात, अंडं लाल किंवा बदामी. यांचा एक मोठा फायदा पुढं पाचव्या मुद्द्यात सांगतो. ऑस्ट्रालॉर्पची जाहिरात करताना "३०० प्लस" म्हणतात ना, तो आकडा ऑस्ट्रेलियातल्या १९२२-२३ च्या स्पर्धेतला आहे, सहा निवडक कोंबड्यांची वर्षाची सरासरी ३०९.५ आली होती. तुमच्या शेडात तो येणार नाही. आणि काळी पिसं भर उन्हात तापतात, हिला सावली जास्त लागते.

सातपुडा, कावेरी आणि डीपी क्रॉस. सातपुडा आपल्याकडं सगळ्यात सहज मिळते, रंगीबेरंगी, गावरानसारखी दिसते, बाजारात नर चांगला विकतो. लोक ती मांसासाठीच जास्त पाळतात, अंडी बोनस. कावेरी बेंगळुरूच्या केंद्रीय संस्थेची, अंडी-मांस दोन्हीची. डीपी क्रॉस या नावाखाली मात्र प्रत्येक विक्रेता वेगळंच काहीतरी देतो. घ्यायची असेल तर ज्यानं वर्षभर पाळलीय अशा माणसाच्या घरी जाऊन कोंबड्या बघा, विक्रेत्याचं व्हॉट्सॲप स्टेटस बघून नाही.

बीव्ही ३००. पुण्याच्या व्हीएच ग्रुपची लेअर. पांढरं अंडं, वर्षाला ३०० च्या वर, पाचव्या महिन्यापासून चालू. छोटं अंग, त्यामुळं ऊन बरं सोसते. पण पांढरं अंडं म्हणजे एनईसीसीचा भाव, आणि खाद्यात एक दिवस हयगय चालत नाही. गावात किराणा दुकानं तुम्हीच धरली असतील, हॉटेलं बांधलेली असतील तरच.

कडकनाथ. झाबुआची, २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली. काळं मांस, नाव मोठं, अंडी ८० च्या आसपास. अंड्यांसाठी ही जात नाहीच. आणि "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेऊ" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन निघून या. २०१९ मध्ये सांगलीकडून जो कडकनाथचा घोटाळा बाहेर आला तो याच बोलीवर उभा होता, राज्यभर शेतकऱ्यांचे पैसे अडकले. जात कोणतीही असो, बायबॅकवर धंदा उभा करू नका.

असीलचं विचारणारे पण असतात. ती झुंजीची जात, अंडी फारच कमी. हौस असेल तर वेगळी ठेवा.

४. मे महिना: इथं जात हरते किंवा जिंकते

भुसावळ-जळगावला ४४-४५ डिग्री म्हणजे बातमी पण होत नाही आपल्याकडं. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि गरमी बाहेर काढते. ३२ च्या वर धाप सुरू होते, ३५ च्या वर खाणं कमी होतं. खाणं कमी झालं की अंडी कमी. आणि सतत धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवच बनायला जे लागतं ते कमी पडतं, मग अंडी पातळ कवचाची येतात, हातात घेतली की बोटाखाली दबतात. लोक म्हणतात कॅल्शियम कमी पडलं, आणि शिंपल्याचा चुरा वाढवत बसतात. आधी गरमी कमी करा.

काय करायचं:

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. पत्र्यावर चुना मारा, वरती पऱ्हाट्या, तुराट्या किंवा केळीची वाळकी पानं टाका आणि ती बांधून घ्या, नाहीतर पहिल्या वावटळीत शेजाऱ्याच्या वावरात जातात. पऱ्हाटी पेट घेते हे पण विसरू नका, तारेचं जोडकाम नीट करा. बाजूला गोणपाट लावून ते ओलं ठेवा, पण आतली गादी, म्हणजे जमिनीवरचा भुशाचा थर, ओली होऊ देऊ नका, ओल्या गादीतून अमोनिया उठतो आणि डोळे-फुफ्फुस जातात.

खाद्य पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी ११ ते ४ घालूच नका, पोटातलं पचताना पण गरमी होते. पाणी मात्र कायम, आणि सावलीत. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, मे मध्ये चौपट. काळी प्लास्टिकची टाकी पत्र्यावर असेल तर दुपारी त्यातलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, ते कोंबडी पीत नाही. माठ किंवा मातीची परळ वापरा, दुपारी दोनदा पाणी बदला.

म्हणून म्हणतो, जड जाती खान्देशात जपून. मे मध्ये शेडात बघितलं तर भिंतीच्या कडेला पंख पसरून, चोच वासून पहिल्यांदा जड कोंबड्याच बसलेल्या दिसतात, हलक्या अंगाच्या अजून उभ्या असतात.

५. पिल्लं घ्यायची की तलंगा, आणि कुठून

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त, पण पहिले तीन-चार आठवडे तारेवरची कसरत. तलंगा, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या माद्या, महाग पण जोखीम कमी, नर-मादी ओळखू येते. पहिल्यांदा करताय तर तलंगाच घ्या, २५-३०.

पिल्लं घेणार असाल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बरा. कडाक्याची थंडी गेलेली असते, ब्रूडरला, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बच्या जागेला, कमी वीज लागते. मे येईपर्यंत ती अडीच-तीन महिन्यांची होतात, अंगावर पिसं आलेली, अंड्याचा भार नाही, त्यामुळं ऊन काढून नेतात. ऑगस्ट-सप्टेंबरात अंडी सुरू होतात, पहिली छोटी छोटी अंडी घरात खाऊन संपतात, आणि दिवाळीनंतर तुमच्याकडं माल तयार असतो.

विचारायच्या जागा: तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी, आणि कृषी विज्ञान केंद्रं. जळगावकरांना ममुराबाद आणि रावेर तालुक्यातलं पाल, धुळ्याला धुळ्याचं केव्हीके, नंदुरबारवाल्यांना कोळदा. सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूरला आहेत, आपल्याला संभाजीनगर जवळ. नोंदणी करावी लागते, पिल्लं हवी त्या दिवशी मिळतीलच असं नसतं, दोन-तीन महिने आधी विचारा.

आता सापळे, हे नीट वाचा:

अर्धे नर निघतात. ग्रामप्रिया, वनराज, गिरीराज यांची पिल्लं सहसा नर-मादी मिसळून देतात. १०० आणली की अंदाजे ५० नर. अंड्यांचा हिशोब १०० वर मांडू नका. नर दोन-अडीच महिन्यांनी विकून टाका, तो पैसा माद्यांच्या खाद्याला लावा. लेअर जातीची पिल्लं मात्र फक्त मादी म्हणून विकतात, घेताना तसं बिलावर लिहून घ्या.

बाजारातली गुलाबी-हिरवी पिल्लं. आठवडे बाजारात सायकलवर पाटीत घेऊन येतात ती. पोरं हट्ट करतात. ती बहुतेक लेअर हॅचरीतली बाजूला काढलेली नर पिल्लं असतात, रंगवलेली. अंडं कधीच मिळणार नाही.

म्हाताऱ्या लेअर. "अंड्यावर आलेल्या कोंबड्या, स्वस्तात" म्हणून गाडी येते. मोठ्या फार्ममधून दीड वर्षानंतर काढून टाकलेल्या असतात. उचलून बघा: चोचीचं टोक कापलेलं, मानेची आणि शेपटीची पिसं झिजलेली, नखं वाढून वाकडी झालेली कारण आयुष्यभर जाळीवर उभ्या होत्या, जमिनीवर सोडल्या तर नीट चालत नाहीत. चार दिवस अंडी देतील पण, आणि मग बंद.

घरची अंडी उबवून तीच जात मिळत नाही. ग्रामप्रिया, वनराज, बीव्ही ३०० हे वेगवेगळ्या वाणांचे क्रॉस आहेत. त्यांच्या अंड्यातून पिल्लं निघतात, पण आईएवढी अंडी देत नाहीत, सगळी वेगवेगळी निघतात. दर वेळी नवीन पिल्लं विकतच आणायची. घरचीच पैदास करायची असेल तर आरआयआर किंवा ऑस्ट्रालॉर्प घ्या, त्या शुद्ध जाती आहेत, पिल्लू आईसारखंच निघतं. हाच तो फायदा. फक्त कोंबडा दर वर्षी बाहेरून बदला.

६. पक्षी यायच्या आधी काय तयार पाहिजे

जागा: बंदिस्त ठेवायची तर मोठ्या कोंबडीला २ चौरस फूट.
गादी: भाताचं तूस (नवापूर बाजूला सहज मिळतं), नाहीतर लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं, दोन-तीन इंच.
ब्रूडर: बल्ब, टोपली किंवा पत्र्याचं छत, आणि गोल पुठ्ठ्याचं कुंपण. कोपरे ठेवू नका, पिल्लं कोपऱ्यात ढीग करून एकमेकांखाली मरतात.
खाद्याची आणि पाण्याची भांडी, दोन साइज.
अंड्याच्या पेट्या: पाच कोंबड्यांना एक.
बारीक जाळी, जमिनीत अर्धा-एक फूट गाडलेली. मुंगूस खालून येतं.
लसी ठेवायला थर्मास आणि बर्फ.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ डिग्री, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळून चोची वासल्या तर गरमी, सगळीकडं पसरून टिपत असतील तर बरोबर.

लसी: मरेक्स पहिल्या दिवशी हॅचरीतच देतात, दिली का ते विचारा आणि बिलावर बघा. ५ ते ७ दिवसांत लासोटा, मानमोडीची पहिली लस, डोळ्यात थेंब. १४ व्या दिवसाला गंबोरो. २८ व्या दिवसाच्या आसपास लासोटा परत. सहाव्या आठवड्यात देवी. आठव्या आठवड्यात आरटूबी, तीच मानमोडीची मोठी लस, तिच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. तुमच्या भागात काय चालू आहे त्यावर डॉक्टर हे पुढं-मागं करतात, त्यांचं ऐका. लसीची बाटली शेकड्यांनी डोसची असते आणि फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी घ्या, पैसे वाचतात आणि सगळ्यांच्या कोंबड्या वाचतात. पाण्यातून देणार असाल तर नळाचं टीसीएल (जंतुनाशक पावडर) टाकलेलं पाणी नको, विहिरीचं किंवा बोअरचं घ्या.

आणि दुसऱ्या फार्मचे वापरलेले कागदी ट्रे, पोती, खाद्याची भांडी घरी आणू नका. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला होता, त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यात पण आला, आणि २०२१ मध्ये नवापुरात परत. मोठ्या फार्मजवळ राहणाऱ्यांनी तर हे पाळाच. एकाच दिवशी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर वावरात फेकून देऊ नका, दवाखान्यात कळवा.

७. खाद्य, आणि सरकीचं प्रकरण

पिल्लांना चिक स्टार्टर दोन महिने, मग ग्रोअर, आणि अंड्यावर यायच्या तोंडावर लेअर मॅश. उरलंय म्हणून लेअर मॅश पिल्लांना घालू नका, त्यातलं जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं. मोठ्या कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला पाहिजे ती खाते.

घरचा मका, ज्वारी, बाजरी भरडून वापरा, पण नुसत्या दाण्यावर अंडं येत नाही, प्रोटीन पाहिजे. आता आपल्याकडं प्रोटीन म्हटलं की हाताशी असते सरकी ढेप, गुरांसाठी आणलेली. ती कोंबडीला घालू नका. सरकीत गॉसिपॉल असतं, ते बलकातल्या लोहाला चिकटतं आणि चार-सहा दिवस ठेवलेलं अंडं फोडलं की बलक हिरवट-तपकिरी दिसतो. पांढरं पण कधीकधी गुलाबीसर होतं. आपल्याला वाटतं अंडं सडलं, वास तर येत नाही, कळत नाही काय झालं. गिऱ्हाईक मात्र एकदाच बघतं आणि परत येत नाही. कोंबड्या गोठ्यात जाऊन गव्हाणीतली ढेप टिपतात तेवढ्यानं पण होतं, गव्हाण झाकून ठेवा. सोयाबीनची पेंड घाला. भुईमुगाची चालते पण पावसाळ्यात बुरशी लागलेली असेल तर बिलकुल नको, त्या बुरशीचं विष कोंबडीचं लिव्हर खातं.

८. उजेड

कोंबडीला अंड्यासाठी दिवसाला १६ तासांच्या आसपास उजेड लागतो. डिसेंबरात आपला दिवस ११ तासांचाच, म्हणून थंडीत, ऐन भाव असतो तेव्हा, अंडी घटतात. शेडात एक बल्ब लावा, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत १६ पर्यंत न्या. पहाटे लावलेला बरा, संध्याकाळी एकदम बंद केला तर कोंबड्या दांड्यावर चढायच्या आत अंधार होतो आणि चेंगराचेंगरी होते. लोडशेडिंगचं काय ते तुमचं तुम्हाला माहीत. लहान तलंगांना हा जादा उजेड देऊ नका, लवकर अंड्यावर येतात आणि अंडं छोटंच राहतं.

९. योजना आणि कागद

पशुसंवर्धन विभागाचे अर्ज एएच-महाबीएमएस या पोर्टलवर ऑनलाइन भरतात, ठरावीक मुदतीतच चालू असतं. गोळा करून ठेवा: आधार, रेशनकार्ड, सातबारा आणि आठ-अ, बँक पासबुक (आधार लिंक असलेलं), जातीचा दाखला असेल तर, फोटो, मोबाईल नंबर. परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनेत पिल्लांचा किंवा तलंगांचा गट मिळतो, त्यात जात कोणती येणार ते आधी विचारा, आपल्याला हवी तीच येते असं नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात २५ लाखांपर्यंत ५० टक्के अनुदान म्हणून जे रील फिरतात, ते १००० पैदाशीच्या पक्ष्यांच्या हॅचरी युनिटसाठी आहे, अंगणातल्या ५० कोंबड्यांसाठी नाही, त्याच्या नादाला लागून एजंटला पैसे देऊ नका.

१०. कोण देतंय, कोण नुसतं खातंय

अंडी सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की संध्याकाळी एकेक कोंबडी हातात घ्या. तुरा लालभडक, मऊ आणि मोठा असेल तर देतेय. फिका, आखडलेला, खरबरीत असेल तर शंका. मग मागच्या बाजूला गुदद्वाराजवळ दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यात दोन-तीन बोटं बसली तर अंडं देणारी, एकच बोट जेमतेम बसलं तर नाही. देणारीचं गुदद्वार ओलसर, मोठं, फिकट असतं, न देणारीचं सुकलेलं आणि आवळलेलं. पिवळ्या पायांच्या जातीत पायांचा पिवळेपणा जितका उडालेला तितकी तिनं अंडी दिलेली, हे पण एक.

पिसं गाळत असेल तर लगेच काढू नका, ते दीड-दोन महिन्यांत संपतं आणि ती परत येते. खुडूक बसलेली असेल आणि उबवायचं नसेल तर दोन-तीन दिवस उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात, खालून हवा लागेल अशी ठेवा, उतरते.

बाकी ज्या तुरा आणि हाडं या दोन्ही परीक्षांत नापास, त्या पायात दोरा बांधून पंधरा दिवस वेगळ्या ठेवा. तरी अंडं नाही आलं तर पुढच्या बाजाराला काढा. दीड वर्षाच्या पुढं सगळ्याच हळूहळू कमी होतात, म्हणून दर फेब्रुवारीत नवीन गट आणा आणि जुना गट श्रावण लागायच्या आत, आखाडात, मटणा-कोंबडीला उचल असते तेव्हा विकून टाका.